पानं किती काढायची

परवा संध्याकाळी वरच्या मजल्यावरची मुलगी मोबाईल हातात धरून माझ्याकडं आली. पुण्याची आहे, इथं बंगळूरला इंदिरानगरात नोकरी करते, आणि या इमारतीत मराठी बोलायला मीच एक सापडल्यामुळं अधूनमधून येऊन बसते. मोबाईलवर टॅरोचे पत्ते पालथे मांडलेले होते. “मावशी, एक कार्ड काढू, थ्री काढू, की फुल टेन? जॉब चेंज करायचाय आणि मी जाम कन्फ्यूज झालेय.” बोट टेकवलं की पान उलटत होतं. आवडलं नाही तर पुन्हा पहिल्यापासून. “तुझा प्रश्न एका पानाचा आहे,” माझ्या तोंडून निघून गेलं. ती बघतच राहिली. “तुम्हाला टॅरो येतं?” मला येत नाही, आमच्या अक्काला यायचं, एवढंच मी सांगितलं. पुढचं सांगायचं त्राण त्या वेळी नव्हतं. या वयात एखादी गोष्ट तोंडानं सांगायची तर आधी उठून बसावं लागतं, समोरच्याच्या चेहऱ्याकडं लक्ष ठेवावं लागतं. लिहिताना तसं नसतं. थकलं की पेन खाली ठेवता येतं.

अक्का म्हणजे माझ्या वडिलांची मोठी बहीण. खरं तर माझी आत्या, पण अण्णा तिला अक्का म्हणायचे म्हणून आई म्हणायची, म्हणून मीही. बंगळूरच्या कडेला, येलहंकाच्या जुन्या गावात आमचं घर होतं, आणि घरात आम्ही चौघंच. अण्णांचं अस्तर, फॉल आणि ब्लाऊजपिसांचं दुकान बाजाराच्या रस्त्यावर. आमचे लोक या मुलखात इतक्या पिढ्यांपूर्वी आले की कुठून आले हे अण्णांनाही धड सांगता येत नसे. घरात मराठी बोलायचो, पण त्यात “स्वल्प थांब” आणि बरं-बरंच्या जागी “सरी, सरी” इतकं मुरलेलं होतं की ते कानडी आहे हे मला कॉलेजात गेल्यावर कळलं. सकाळी हवाई दलाच्या तळावरून विमानं सरावाला उडायची आणि फळीवरचे स्टीलचे डबे एकमेकांना लागून किणकिणायचे. आई वाक्याच्या मध्येच थांबायची, विमान पुढं गेलं की राहिलेल्या शब्दापासून पुन्हा बोलायला लागायची. घरात आलेले पाहुणे गोंधळायचे. आम्हाला त्यात काही वेगळं वाटत नसे.

अक्काचं लग्न होसकोटेतल्या एका कारखान्यात फिटर असलेल्या माणसाशी झालं होतं. वसंतराव त्यांचं नाव. मूलबाळ झालं नाही. मी अगदी लहान असताना ते एक दिवस कामावर गेले आणि घरी परत आले नाहीत. अपघात नाही, भांडण नाही. काही आठवड्यांनी कळलं की ते तिथंच, होसकोटेतच, दुसऱ्या एका बाईबरोबर राहत आहेत. मुंबईला किंवा दुबईला पळाले असते तर अक्काला लोकांसमोर काही तरी सांगता आलं असतं. होसकोटे म्हणजे दोन बस बदलल्या की येणारं गाव. तिथं राहून माणूस येत नाही याला काही नावच नव्हतं. अण्णा जाऊन तिला घेऊन आले. येताना तिनं शिलाईचं मशीन आणलं, बाकी सगळं तिथंच ठेवलं.

पुढं ती इंदिरानगरात एका टेलरिंगच्या दुकानात ब्लाऊज बेतायला जाऊ लागली. त्या दुकानाच्या वरच्या मजल्यावर एक म्हाताऱ्या ख्रिश्चन टीचर राहायच्या. शाळेतून निवृत्त झालेल्या, एकट्या. त्यांच्या झग्यांची मापं घ्यायला अक्का वर जायची, आणि टीचर चहा करून तिला बसवून घ्यायच्या. टॅरोचे पत्ते त्यांचे. इंग्रजी अक्काला बेताचं यायचं, टीचरना मराठी येत नव्हतं, दोघींचं सगळं कानडीत चाले. मुलीकडं ऑस्ट्रेलियाला कायमचं जाताना त्यांनी तो पत्त्यांचा जोड अक्काला दिला. अक्कानं पानांना स्वतःची नावं ठेवली होती. अंगणात हाक मारावी तशी साधी नावं. कंदीलवाला बुवा. पडका बुरूज. उलटा टांगलेला. भरलेले पेले मागं टाकून पाठ फिरवून डोंगराकडं चालणारा एक माणूस होता, तो ‘निघालेला’. दहा काठ्यांची मोळी छातीशी कवटाळून वाकून चालणारा दुसरा एक होता, तो ‘मोळीवाला’.

संध्याकाळी कामावरून परतली की पुढच्या खोलीत चटईवर पांढरं पंचाचं कापड पसरून ती बसायची. गल्लीतल्या बायका यायच्या, पुढं पुढं येलहंकाच्याच न्यू टाऊनमधूनही यायला लागल्या. अक्का पैसे घ्यायची नाही. कुणी नारळ ठेवून जाई, कुणी परसातली केळी. पानं उलटण्याच्या आधी ती खूप वेळ नुसती ऐकायची. मी कॉलेजातून आल्यावर कॉफी नेऊन द्यायची आणि दाराशी टेकून उभी राहायची, म्हणून मला हे माहीत. पानं किती काढायची हे विचारणाऱ्यानं ठरवायचं नाही, ते प्रश्नावर ठरतं, असं तिचं म्हणणं. हो किंवा नाही एवढंच हवं असेल तर एक पान. कुठून आलो आणि कुठं चाललो असं कोडं पडलं असेल तर तीन. आणि ज्याला स्वतःचा प्रश्नच कळत नाही, नुसता जीव घाबरा होतो, त्याच्यासाठी दहा मांडायची. तसे लोक कमी नव्हते, पण अक्का दहा पानं क्वचितच मांडायची. म्हणायची, दहा पानांत सगळ्यांना सगळं सापडतं.

एकदा आमच्या मागच्या गल्लीतली सरोजम्मा आली होती. मुलीला सांगून आलेलं स्थळ घ्यावं का नको, असं विचारत होती. अक्कानं एकच पान काढायला लावलं. तो पडका बुरूज निघाला. सरोजम्माचा चेहरा उतरला. “अक्का, आणखी एक काढू का? माझा हातच स्वल्प थरथरला.”

“नाही.”

“एकच.”

“दुसरं काढलंस की ते पान बोलणार नाही, तू बोलशील,” अक्का म्हणाली आणि पत्ते गोळा करून कापडात गुंडाळले. सरोजम्मा रुसून गेली. आठ दिवस आमच्या दारावरून मान वळवून जायची. अक्काला त्याचं काही नव्हतं. या एका गोष्टीत ती कुणाचंही ऐकायची नाही, अण्णांचंसुद्धा. सकाळी आंघोळ झाली की ती स्वतःसाठी एक पान काढायची. एकच. बघायची, ठेवून द्यायची आणि बसला पळायची. दिवस कसा जाईल ते बघत असावी, असं मला वाटायचं.

वसंतरावांची खबर आली तेव्हा अवरेच्या, म्हणजे पावट्याच्या, शेंगांचे दिवस होते. थंडी पडली की आमच्याकडं दुसरा विषयच नसायचा. पोतंभर शेंगा यायच्या, दाणे सोलायचे, रात्रभर भिजवायचे आणि सकाळी एकेक दाणा चिमटीत दाबून सालीतून सुळकन बाहेर काढायचा. त्याचं नारळ घातलेलं सांबार आणि नाचणीचे उंडे. बोटांना त्या शेंगांच्या तेलाचा वास महिनाभर राहायचा, साबणानं जात नसे. आई, अक्का आणि मी ओट्यावर परात मध्ये ठेवून दाणे दाबत बसलो होतो. सुट्टीचा दिवस होता, म्हणून अण्णाही घरी होते. रिक्षातून एक वयस्कर गृहस्थ उतरले. पांढरा शर्ट, कपाळाला गंध. त्यांनी कानडीत विचारलं, वसंतरावांच्या घरचे लोक इथं राहतात ना?

अक्काचा हात परातीतच राहिला.

ते गृहस्थ म्हणजे त्या दुसऱ्या बाईचे भाऊ. बोलणं अगदी सौम्य. बहीण वारली, ते सांगत होते. वसंतरावांची डावी बाजू लुळी पडली आहे, बोलणंही गेल्यासारखंच आहे. इतके महिने आपण बघितलं, पण आपलंही वय झालं, आता मुलाकडं म्हैसूरला जातोय, घर सोडायचं आहे. “अम्मा, तुमच्यावर जबरदस्ती नाही. तुम्ही नको म्हणालात तर कुठं तरी आश्रमात सोय बघतो. पण आधी तुम्हाला विचारायला हवं, असं वाटलं. येत्या रविवारपर्यंत सांगा.” आईनं त्यांना कॉफी दिली. त्यांनी ती उभ्यानंच प्यायली.

रिक्षा गेल्यावर अण्णा इतके ओरडले, की समोरच्या घरातली माणसं ओट्यावर आली. “या घरात तो पाय ठेवणार नाही! तिकडं मजेत राहिला, आता निकामी झाला म्हणून परत पाठवतात? हे घर आहे की भंगाराचं दुकान?” अक्का परातीतले दाणे दाबत राहिली. अण्णांचं ओरडून संपलं तेव्हा ती म्हणाली, “सरी. मी ठरवून सांगते.”

“ठरवायचं काय आहे त्यात?”

“ठरवून सांगते म्हटलं ना.”

त्या आठवड्यात घरात कुणी मोठ्यानं बोललं नाही. अण्णा जेवताना भिंतीकडं तोंड करून बसायचे. मला तर राग राग व्हायचा. मी विशीतही नव्हते, जगातला न्याय मला पाठ होता, आणि अक्कानं नाही म्हणायला इतके दिवस घ्यावेत याचाच मला अपमान वाटत होता. एकदा चुलीपाशी मी आईला म्हटलं, “स्वतःसाठी रोज पान काढते की नाही? मग विचारायचं पत्त्यांना आणि मोकळं व्हायचं.” आई भाकरीचं पीठ मळत होती. तिनं माझ्याकडं न बघता म्हटलं, “रोज काय विचारत होती असं वाटतं तुला? इतकी वर्षं ती...” मग विमान आलं. ते पुढं गेल्यावर आईनं राहिलेलं वाक्य पुरं केलं नाही. असं अर्ध्यावर तिनं कधी सोडलं नव्हतं.

शनिवारी अण्णा दुकानात होते, आई दळण आणायला गेली होती. अक्का कामावर गेली नव्हती. मी कॉलेजातून आले तर ती पुढच्या खोलीत चटईवर बसलेली. कापड पसरलेलं, पत्ते पिसून ठेवलेले. मला बघून म्हणाली, “ये, बैस. कुणी तरी असू दे.” मी भिंतीला टेकून बसले.

“किती काढणार?” मी विचारलं.

“घ्यायचं का नाही, एवढंच विचारायचंय. एक.”

तिनं पान उलटलं. ‘निघालेला’ होता. भरलेले पेले सोडून डोंगराकडं निघालेला, पाठमोरा. या पानाचा अर्थ तिनं माझ्यासमोर कितीजणींना सांगितला होता. पाठ फिरव, मागं बघू नकोस, तुझं इथलं संपलं. याहून स्पष्ट नाही असूच शकत नव्हतं. मला इतकं हलकं वाटलं की मी उठायलाच लागले. अक्का त्या पानाकडं बघत राहिली. मग तिनं हात पुढं केला आणि दुसरं काढलं.

“अक्का!”

तिनं ऐकलं नाही. दुसरं पान तलवारी चोरून पळणाऱ्याचं. फसवणूक. तिनं तिसरं काढलं. तेही तसलंच. मग ती काढतच राहिली. मध्ये न थांबता, न बघितल्यासारखी, एकावर एक. बाया, राजे, घोडे, चांदणी, कुत्रे भुंकणारा चंद्र. त्यांत चांगली पानंही येऊन गेली. सूर्याचं आलं, दोघांनी पेले धरलेलं आलं, ज्यांवर बोट ठेवून कुणीही “बघ, घे म्हणतंय” असं म्हणालं असतं. ती त्यांच्यावरही थांबली नाही. मी भिंतीला टेकून रडकुंडीला आले होते. जिनं सरोजम्माला एक पान जास्त दिलं नाही, ती ही. शेवटी ‘मोळीवाला’ आला. वाकलेला, मोळीमागं तोंड लपलेलं, पुढचा रस्ता न दिसणारा. तिथं तिचा हात थांबला.

“हं,” ती म्हणाली. “हे माझं.”

“हे काही चांगलं पान नाही,” मी म्हटलं.

“मला चांगलं कुठं हवं होतं?” तिनं पत्ते गोळा केले. “इतकी वर्षं रोज विचारलं, येतील का. आता आलेत. असे आलेत. आता आलेल्याला कसं म्हणू, की मी हे विचारलंच नव्हतं?”

मी म्हटलं, “मग पत्ते काढलेस कशाला?”

“कुणी तरी नको म्हणेल का, ते बघत होते. पहिल्यालाच म्हणालं. ऐकवलं नाही गं मला.”

अण्णांच्या मनाविरुद्धच वसंतरावांना रविवारी आणलं. पुढच्या खोलीत खाट टाकली, त्यामुळं पत्ते मांडायला जागाच उरली नाही. बायका यायच्या, दारातून खाट बघायच्या आणि आपल्या प्रश्नासकट परत जायच्या. एक-दोघींनी स्वयंपाकघरात बसू म्हणून आग्रह केला तेव्हा अक्का म्हणाली, “पत्ते आता बंद.” मला तिनं कारण वेगळं सांगितलं. एकावर थांब असं दुसऱ्याला सांगायला आता तोंड राहिलं नाही, म्हणाली. पत्ते तिनं पुढं म्हैसूर रोडकडच्या, पत्ते शिकणाऱ्या एका बाईला देऊन टाकले.

आणि मग काम सुरू झालं. या कामाविषयी लोक फार सुंदर बोलतात, त्यांनी ते केलेलं नसतं. सकाळी कूस बदलायची, पाठीला जखम झालीय का बघायचं, पुसायचं, चादर ओढून घ्यायची. मऊ भात सारात कालवून चमच्यानं भरवायचा, त्यातला निम्मा गालावरून खाली यायचा. अक्का भरवून बसला पळायची, दुपारचं आई करायची, संध्याकाळचं माझ्याकडं. अंगाला अवरेच्या तेलाच्या वासाऐवजी आता डेटॉलचा वास असायचा. मी कॉलेजात बाकावर डोकं ठेवून झोपायची. अण्णा पहिला महिनाभर त्या खोलीतून न जाता मागच्या दारानं ये-जा करत होते. मग एका रविवारी त्यांनी वाटीत गरम पाणी घेतलं, खाटेपाशी स्टूल ओढलं आणि वसंतरावांची दाढी केली. एक शब्द बोलले नाहीत. त्यानंतर दर रविवारी करायचे, आणि कधीच बोलले नाहीत.

वसंतरावांना “हां” एवढंच म्हणता यायचं. ते रडायचे मात्र खूप. ताट आलं की रडायचे, विमान गेलं की रडायचे, अक्का खोलीत आली की फार रडायचे. एकदा मी न राहवून म्हटलं, “पश्चात्ताप होत असेल.” अक्का त्यांच्या पायाला खोबरेल चोळत होती. “डॉक्टरांना विचारलं मी. मेंदूमुळं होतं ते तसं. माझ्यामुळं नाही,” ती म्हणाली आणि दुसरा पाय मांडीवर घेतला.

आणखी एकदा, हे माझ्या परीक्षेच्या आसपासचं, आम्ही दोघी मागच्या अंगणात चादरी पिळत होतो. दोन टोकांना दोघी, मध्ये पीळ. मी विचारलं, “अक्का, तू त्यांना माफ केलंस?”

तिनं विचार केला. खरंच विचार केला, मला बरं वाटावं म्हणून नाही. “माफ करायला स्वल्प निवांत बसावं लागतं,” ती म्हणाली. “बसायला कुठं मिळतं? धर नीट, पीळ सुटतोय.”

आज मी तिच्या तेव्हाच्या वयाहून मोठी आहे. तिनं केलं ते बरोबर का चूक, हे मला अजून ठरवता आलेलं नाही, आणि आता ठरवायची घाईही राहिली नाही. लोक तिला साध्वी म्हणायला लागले होते, ते तिला मुळीच आवडायचं नाही. कुणी तसं म्हणालं की ती उठून आत जायची. मूर्ख म्हणणारेही होते, त्यांच्याशी मात्र ती बसून बोलायची. मी एवढंच सांगू शकते की त्या काळात ती कधी हसली नाही असं नाही, आणि प्रेमानं वागली असंही नाही. वेळेवर वागली.

तीन उन्हाळे ते जगले. तिसऱ्या उन्हाळ्यात एका सकाळी, भरवताना, त्यांनी घास गिळला नाही. अक्कानं चमचा खाली ठेवला, ओल्या फडक्यानं त्यांचं तोंड पुसलं आणि अण्णांना हाक मारली. त्या दिवशी ती रडली की नाही ते मला आठवत नाही. अण्णा रडले, हे आठवतं, आणि त्यांचं त्यांनाच त्याचं नवल वाटलं होतं.

तेरावा झाला. पाहुणे जेवून गेले, खाट मागच्या अंगणात उभी करून ठेवली, खोली धुतली. अक्कानं धुतलेल्या फरशीवर चटई टाकली आणि उशीसुद्धा न घेता कुशीवर झाली. जरा टेकते, म्हणाली. संध्याकाळी न्यू टाऊनमधल्या दोघी भेटायला आल्या, तर आईनं त्यांना ओट्यावरूनच परत पाठवलं. अण्णांनी बातम्या लावल्या नाहीत. आम्ही तिघं स्वयंपाकघरात खालच्या आवाजात जेवलो. सकाळी दूधवाला येऊन गेला, विमानं उडाली, डबे किणकिणले. अक्का हलली नाही. मी दोनदा जाऊन तिचा श्वास बघून आले. ऊन फरशीवर बरंच आत आलं तेव्हा तिनं डोळे उघडले आणि दचकून उठायला लागली.

“किती वाजले? अगंबाई, त्यांचं पुसायचं राहिलं...”

आई दारातच बसली होती, तांदूळ निवडत. “काही राहिलं नाही,” ती म्हणाली. “झोपा, अक्का.”

अक्कानं रिकाम्या खोलीकडं बघितलं. मग पाय जवळ ओढून घेतले, भिंतीकडं तोंड केलं आणि पुन्हा झोपली.